वीस हजार पौंड कुणाच्या खिशातून?

भरपाईच्या दाव्यात तडजोड १,०५,००० पौंडांची ठरली आणि खात्यात जमा झाले ८०,०००. मधले २५,००० कुठे गेले, हे विचारायला एक म्हातारं जोडपं सॉलिसिटरसमोर, म्हणजे आपल्या वकिलासमोर, बसलं आहे. नवऱ्याला चार पावलं टाकली तरी धाप लागते, म्हणून बोलते आहे बायको. तिचा हिशेब सरळ आहे: सरकारने एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं, तेही शेवटचे दिवस मोजणाऱ्या माणसाकडून.

हे जोडपं मी नियम उलगडून दाखवण्यासाठी उभं केलं आहे आणि त्यांच्या पैशांचे आकडे हिशेबाला सोपे पडतील असे धरले आहेत. कायदे, तारखा आणि पैसा फिरतो ती वाट मात्र खरी. ब्रिटनमध्ये मेसोथेलिओमाने, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या धुळीमुळे फुप्फुसाच्या आवरणाला होणाऱ्या कर्करोगाने, दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जातात आणि कितीतरी घरांत या बाईचाच प्रश्न विचारला जातो. तिचा संताप मला पटतो. पण ती ज्याच्यावर संतापली आहे तो या प्रकरणातला खरा लाभार्थी नाही, आणि हे तिला कुणीतरी नीट बसून सांगायला हवं.

नवरा लॅगर. बॉयलर, वाफेचे पाइप, जहाजांतली इंजिनघरं यांवर उष्णतारोधक लेप चढवायचं काम. सतराव्या वर्षी लागला तेव्हा त्याचं काम होतं पोत्यातली ॲस्बेस्टॉसची पूड बादलीत ओतायची, पाणी घालून कणकेसारखी मळायची आणि हाताने पाइपावर थापायची. पूड ओतताना जो पांढरट ढग उठायचा त्यातच उभं राहून पुढचं पोतं फोडायचं. जेवणाच्या सुट्टीत पोरं त्या ओल्या लगद्याचे गोळे करून एकमेकांना मारायची. संध्याकाळी ओव्हरऑल घरी. बायको मागच्या अंगणात ते झटकायची, मग धुवायची. हे सगळं १९७० च्या आसपासचं. निळ्या आणि तपकिरी ॲस्बेस्टॉसवर ब्रिटनमध्ये बंदी आली १९८५ मध्ये, पांढऱ्यावर १९९९ मध्ये.

या आजाराचा कावा त्याच्या उशिरात आहे. तंतू फुप्फुसाच्या आवरणात जाऊन बसतो आणि तीस-चाळीस वर्षं काहीच कळत नाही. लॅगर एकाहत्तरीत असताना खोकल्याचं निमित्त झालं, छातीतून पाणी काढलं, तुकडा तपासायला गेला आणि निदान आलं. या निदानानंतर बरीचशी माणसं वर्ष-दीड वर्षच काढतात. म्हणजे पैशाचं जे काही व्हायचं ते या मुदतीत व्हायला हवं. पुढचे सगळे नियम वाचताना हे घड्याळ डोळ्यासमोर ठेवा.

सरकारकडून त्याला तीन गोष्टी मिळाल्या. पहिली, कामामुळे झालेल्या आजाराचा साप्ताहिक भत्ता, इंडस्ट्रियल इंज्युरीज डिसेबलमेंट बेनिफिट. मेसोथेलिओमा म्हटलं की अपंगत्व थेट १०० टक्के धरतात. वर्षभरात याचे ९,००० झाले असं धरू. दुसरी, देखभालीसाठीचा अटेंडन्स अलाउन्स, ५,०००. तिसरी, एकरकमी मदत, २०,०००. या तिसऱ्या रकमेचा तक्ता वयावर चालतो: निदानाच्या वेळी ३७ किंवा त्याहून कमी वय असेल तर सर्वांत जास्त, ७७ किंवा त्याहून पुढे असेल तर सर्वांत कमी.

या एकरकमी मदतीचा जन्म ऐकण्यासारखा आहे. २८ मार्च १९७९ ला जेम्स कॅलहन यांचं सरकार अविश्वास ठरावावर ३११ विरुद्ध ३१० अशा एका मताने पडलं. त्या रात्री वेल्समधल्या प्लाइड कम्री पक्षाचे तीन खासदार सरकारच्या बाजूने उभे राहिले. त्यांनी मागितलं होतं ते पाटीच्या दगडाच्या खाणीत धूळ खाऊन फुप्फुसं गमावलेल्या कामगारांसाठी. खाणी बंद पडल्या होत्या, मालक उरले नव्हते, दावा लावायचा कुणावर? सरकार पडलं, पण धुळीच्या आजारांच्या भरपाईचा कायदा त्याच वर्षी झाला. मालक नाहीसा झाला असेल तर सरकार एकरकमी पैसे देईल, ही त्यामागची कल्पना. ॲस्बेस्टॉसचे आजारही त्यात येतात.

लॅगरची कंपनीही बुडालेली होती, म्हणून तो या कायद्यात बसला. अर्ज वेळेत केला हेही महत्त्वाचं, कारण भत्ता मंजूर झाल्यापासून बारा महिन्यांची मुदत असते. आणि क्रमही महत्त्वाचा. दिवाणी भरपाई आधी पदरात पडली तर मग एकरकमी मिळत नाही. आधी एकरकमी, नंतर भरपाई, हाच रस्ता. त्यातून आजाऱ्याच्या हाती पहिले पैसे काही आठवड्यांत येतात, कोर्टाची वाट बघावी लागत नाही.

मग कंपनी बुडाली तर दावा कसा लागला? कंपनी मेली तरी तिचा विमा मेलेला नसतो. १ जानेवारी १९७२ पासून ब्रिटनमध्ये प्रत्येक मालकाला कामगारांप्रति असलेल्या जबाबदारीचा विमा सक्तीचा आहे. जुन्या पॉलिसी शोधण्यासाठी २०११ पासून एक स्वतंत्र कार्यालयही आहे. सॉलिसिटरने तिथे कंपनीचं नाव आणि नोकरीची वर्षं टाकली आणि एक पॉलिसी सापडली. लॅगरने आयुष्यात तीन मालकांकडे हे काम केलं होतं, पण २००६ च्या कायद्यामुळे मेसोथेलिओमात एक जबाबदार मालक सापडला तरी पूर्ण भरपाई त्याच्याकडून मागता येते. तेव्हा ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच वर्षी मे महिन्यात प्रत्येक मालकाची जबाबदारी त्याच्या वाट्यापुरतीच आहे असा निकाल दिला होता. मेसोथेलिओमापुरता तो निकाल संसदेने काही आठवड्यांतच कायदा करून फिरवला.

आता वसुली. दावा दाखल झाला की विमा कंपनीने सरकारच्या कॉम्पेन्सेशन रिकव्हरी युनिटला चौदा दिवसांत कळवायचं असतं. तोंडी सगळे त्याला सीआरयू म्हणतात. पैसे देण्याआधी कंपनीने तिथून प्रमाणपत्र मागवायचं. त्यावर या माणसाला या आजारापायी सरकारने काय काय दिलं त्याची यादी असते: भत्त्याचं नाव, कधीपासून, कधीपर्यंत, किती. शेवटी बेरीज. लॅगरच्या कागदावरची बेरीज ३४,०००. भरपाई दिल्यापासून चौदा दिवसांत हे ३४,००० विमा कंपनीने सरकारला भरायचे.

बहुतेकांची गफलत इथे होते. सरकार लॅगरकडे मागतच नाही. सरकारचं येणं विमा कंपनीकडे असतं. कंपनीला एवढीच मुभा आहे की तिने भरलेल्यापैकी काही रक्कम लॅगरच्या भरपाईतून वजा करावी. किती आणि कशातून, इथेच साधे भत्ते आणि एकरकमी यांचे रस्ते फुटतात.

भत्त्यांबाबत १९९७ चा कायदा पीडिताच्या बाजूचा आहे. ज्या नुकसानीसाठी भत्ता, त्याच नुकसानीच्या भरपाईतून वजावट. बुडालेल्या पगारासाठीचा भत्ता फक्त बुडालेल्या पगाराच्या भरपाईतून, देखभालीचा भत्ता फक्त देखभालीच्या भरपाईतून. वेदना आणि हिरावलेलं आयुष्य यांच्या भरपाईला हात लावायचा नाही. लॅगरच्या १,०५,००० ची फोड अशी होती: वेदनेचे ९०,०००, देखभालीचे १२,०००, किरकोळ खर्चाचे ३,०००, पगाराचं शून्य. तो कधीच निवृत्त झाला होता, बुडायला पगारच नव्हता. म्हणून साप्ताहिक भत्त्याच्या ९,००० पैकी एक पेनीही त्याच्याकडून कापता येत नाही. कंपनीने ते सरकारला स्वतःच्या खिशातून भरायचे. अटेंडन्स अलाउन्सचे ५,००० मात्र देखभालीच्या १२,००० मधून गेले.

एकरकमीला हे संरक्षण नाही. १ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनुसार एकरकमी मदत भरपाईच्या कुठल्याही भागातून कापता येते, वेदनेच्या भागातूनसुद्धा. लॅगरचे २०,००० तसेच गेले. पाच अधिक वीस, पंचवीस हजार. बाईचा प्रश्न सुटला, पण राग गेला नाही. जाणारही नाही, कारण वेदनेपोटी मिळालेल्या पैशातून कापणं हे कानालाच क्रूर वाटतं.

तिला पुढचं गणित दाखवायला हवं. लॅगरला खात्यात ८०,००० आले, त्याआधी सरकारकडून ३४,००० मिळाले होते, एकूण १,१४,०००. विमा कंपनीने लॅगरला ८०,००० आणि सरकारला ३४,००० दिले, एकूण तेही १,१४,०००. सरकारने दिलेलं सरकारला परत. म्हणजे आजाराचा सगळा खर्च अखेर ज्याने धूळ खाऊ घातली त्याच्या विम्याने सोसला.

आता हेच प्रकरण २००८ च्या आधी घडलं असतं तर? २००० मध्ये बॅलंटाइन विरुद्ध न्यूऑल्स इन्सुलेशन या खटल्यात अपील न्यायालयाने ठरवलं होतं की १९७९ च्या कायद्याखालची एकरकमी मदत भरपाईतून वजा व्हायला हवी. आणि ती परत मागायची सोय सरकारकडे नव्हती. म्हणजे लॅगरच्या हाती तेव्हाही एकूण १,१४,००० च पडले असते. पण कंपनीने त्याला ८०,००० आणि सरकारला भत्त्यांचे १४,००० देऊन ९४,००० मध्ये सुटका करून घेतली असती. उरलेले २०,००० करदात्याने भरले असते. मरणाऱ्या कामगारासाठी काढलेली सरकारी मदत विमा कंपनीच्या ताळेबंदात सवलत म्हणून उतरत होती. आठ वर्षं हे चाललं आणि मला त्याचा आजही संताप येतो.

२००८ च्या कायद्याने ती गळती बुजवली आणि त्या वसूल झालेल्या पैशातून एक नवी योजना उभी केली. इथे अंगणात ओव्हरऑल झटकणाऱ्या बाईकडे परत जावं लागतं. समजा आजार नवऱ्याला न होता तिला झाला असता. ती त्या कंपनीत एक दिवसही कामाला नव्हती. १९७९ चा कायदा कामगारांपुरता, म्हणून तिला सरकारकडून एकरकमी काहीच मिळालं नसतं. १ ऑक्टोबर २००८ पासून मेसोथेलिओमा झालेल्या कुणालाही, नोकरीचा संबंध असो वा नसो, एकरकमी मदत मिळू लागली. अट एवढीच की ॲस्बेस्टॉसशी संपर्क ब्रिटनमध्ये आलेला असावा आणि निदानापासून बारा महिन्यांत अर्ज व्हावा. आज दोन्ही योजनांत मेसोथेलिओमाची रक्कम सारखीच आहे. लॅगरच्या विमा कंपनीकडून परत आलेले पैसे अशाच एखाद्या धुणं धुणाऱ्या बाईकडे जातात.

कामावर न जाताही हा आजार होतो हे ब्रिटनला शिकवलं ते जून हॅनकॉक यांनी. लीड्सच्या आर्मली भागात जे. डब्ल्यू. रॉबर्ट्स या कंपनीच्या ॲस्बेस्टॉस कारखान्याभोवती धूळ बर्फासारखी साचायची आणि मुलं तिच्यात खेळायची. जून त्यांतलीच एक. तिची आई मेसोथेलिओमाने गेली होती, पुढे तिलाही तोच झाला. १९९५ मध्ये तिने उच्च न्यायालयात खटला जिंकला, ६५,००० पौंड मिळाले, १९९६ मध्ये अपिलातही निकाल टिकला, आणि १९९७ मध्ये ती गेली.

जे. डब्ल्यू. रॉबर्ट्स ही टर्नर अँड न्यूऑल या मोठ्या कंपनीची शाखा. त्याच टर्नर अँड न्यूऑलची आपल्याकडची एक कंपनी होती घाटकोपरची हिंदुस्थान फेरोडो. ब्रेक लायनिंगचं नाव म्हणून फेरोडो आपल्या कितीतरी गॅरेजवाल्यांना पाठ असेल. त्यामुळे लॅगरच्या हिशेबाकडे मुंबईहून बघितलं की मन अस्वस्थ होतं. आपल्या ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कायद्याचं ५३ वं कलम म्हणायचं की विमा उतरवलेल्या कामगाराला कामातल्या इजेसाठी मालकाकडून दुसऱ्या कुठल्या कायद्याखाली भरपाई मागता येणार नाही. दुहेरी लाभ टाळायचा हेतू ब्रिटनचाही आहे आणि आपलाही. पण तिथे कामगाराला मालकावर दावा लावू देतात आणि सरकार आपलं दिलेलं मालकाच्या विम्याकडून काढून घेतं. इथे दाव्याचं दारच बंद. मालकावर उलटून कुणी येत नाही.

या बंद दाराला एक फट पाडली ती सर्वोच्च न्यायालयाने, २७ जानेवारी १९९५ ला, अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर. नोकरी संपल्यावर उघड होणाऱ्या आजाराची सोय या कायद्यांत नाही, हे न्यायालयाने नेमकं हेरलं आणि ॲस्बेस्टॉसचा आजार सिद्ध झालेल्या कामगाराला संबंधित कारखान्याने एक लाख रुपये द्यावेत असं सांगितलं. पण आजार सिद्ध व्हायला कुणीतरी तपासावं लागतं. डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कंपोझिट गिरणीतले १८१ कामगार तपासले, तेव्हा २३ टक्क्यांना ॲस्बेस्टोसिस, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, निघाला. २००५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आणि पांढरा ॲस्बेस्टॉस घातलेले सिमेंटचे पत्रे आपल्याकडे वर्षानुवर्षं चाळींवर, गोठ्यांवर, शाळांवर चढत राहिले.

परत लॅगरकडे. वर मी २००८ च्या नियमांची बाजू घेतली, पण त्यांत दोन जागा अशा आहेत जिथे त्यांचं ओझं खरोखर आजाऱ्यावर पडतं.

पहिली अंतरिम रकमेची. मेसोथेलिओमाचे दावे लंडनच्या उच्च न्यायालयात जलद चालतात, कंपनीकडे ठोस बचाव नसेल तर सुरुवातीलाच ५०,००० पौंड अंतरिम मिळू शकतात. घरातली मंडळी मनात ५०,००० धरून बसतात: खाली झोपायची खोली, न्हाणीघरात बदल, मुलीचं येणंजाणं. पण अंतरिम रक्कमही कायद्याच्या भाषेत भरपाईच, आणि पहिल्या भरपाईलाच वसुली लागते. एकरकमीचे २०,००० तिथेच कापले जातात, हाती उरतात ३०,०००. सॉलिसिटरने हे आधी सांगितलं नाही तर सुताराला दिलेला शब्द मोडायची पाळी येते. ऑफर आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा: हा आकडा वजावटीआधीचा की नंतरचा?

दुसरी जागा जास्त गंभीर. पुरावा पातळ असेल, कुठल्या कामावर किती धूळ होती हे सांगणारा एकही सोबती जिवंत नसेल, तर कंपनी म्हणू शकते की जबाबदारी मान्य नाही, पण भांडण मिटवायला १५,००० देतो. एरवी अशी तडजोड होते. इथे कंपनीने एक पौंड जरी दिला तरी सरकारचे ३४,००० पूर्ण भरावे लागतात, आणि लॅगरच्या १५,००० मधून एकरकमीचे २०,००० वजा करायचे म्हटलं की त्याच्या हाती शून्य. कंपनीला १५,००० ची तडजोड ३४,००० ला पडते आणि आजाऱ्याला काहीच मिळत नाही. मग तडजोड कोण करणार? कंपनी लढते आणि आजाऱ्याचे दिवस संपतात. वसुलीची रक्कम तडजोडीच्या प्रमाणात कमी करायची मुभा नियमांत असायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. पुरावा पातळ असणं हा त्या माणसाचा दोष नव्हे. त्याचे सोबती त्याच्याआधी गेले, बहुधा त्याच धुळीने.

ज्यांचा मालकही सापडत नाही आणि विमाही सापडत नाही त्यांच्यासाठी २०१४ चा वेगळा कायदा आहे. चालू विमा कंपन्यांवर कर लावून त्याचे पैसे उभे राहतात. २५ जुलै २०१२ किंवा त्यानंतर निदान झालेल्यांना तो लागू होतो, आणि तिथेही आधीची एकरकमी वजा होतेच.

सॉलिसिटरने हिशेब मांडून झाल्यावर बाईने प्रमाणपत्राची प्रत मागून घेतली. चष्मा लावून ती ओळीओळीने बोट फिरवत गेली आणि अटेंडन्स अलाउन्सच्या ओळीवर थांबली. तिथे सुरुवातीची तारीख लिहिली होती ती निदानाच्या पाच महिने आधीची. ती तारीख तिला पाठ होती. तेव्हा नवऱ्याला खोकलासुद्धा नव्हता. गुडघे गेले होते, न्हाणीघरात तो दोनदा पडला होता, आणि भत्ता गुडघ्यांसाठी सुरू झाला होता. छातीच्या आजाराशी त्या पाच महिन्यांचा संबंध नव्हता. वसुली होते ती फक्त या आजारापायी दिलेल्या पैशांची.

त्या महिन्यांचे १,५०० पौंड होत होते. सॉलिसिटरने सीआरयूला फेरविचाराचं पत्र लिहिलं आणि सोबत डॉक्टरांच्या गुडघ्यांच्या नोंदी जोडल्या. नवं प्रमाणपत्र आलं ३२,५०० चं. सरकारने १,५०० विमा कंपनीला परत केले, आणि कंपनीने वजावट नव्याने मांडून तेवढे पैसे लॅगरच्या खात्यात भरले. एकरकमीचे २०,००० नव्या प्रमाणपत्रावरही तसेच होते. बाईने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि नवऱ्याला उठायला हात दिला.